मावशी, चादरींचे दोनशे रुपये

मावशी,

वर ‘स. न. वि. वि.’ लिहिलं होतं, मग खोडलं. तुमची नात हे वाचून दाखवणार आणि तुम्ही तिला विचारणार, “ही काय सरकारी नोटीस हाय का?” म्हणून नुसताच नमस्कार.

हे पत्र मी चारचौघांत लिहितेय, कारण ज्या गोष्टीसाठी तुमचे आभार मानायचे आहेत ती मी वर्षानुवर्षं चारचौघांपासून लपवली. आमचा राजा रात्री अंथरूण ओलं करायचा. (राजा हे त्याचं नाव नाही, तुमची त्याला मारायची हाक आहे. इथे तीच ठेवते.)

तुम्ही कामाला लागलात तेव्हा धुणं, भांडी आणि फरशी ठरली होती. त्या धुण्यात चादरी नव्हत्या. त्या मी पहाटे पाचला मोरीत बसून हाताने धुवायचे. घरात मशीन होतं, पण त्या वेळी ते लावलं की खालच्या मजल्यावर घरघर जाते, आणि यांच्याकडे रोज पहाटे मशीन का लागतं याचा हिशेब सोसायटीत कुणीतरी मांडतंच. मग पिळलेल्या चादरी आतल्या खोलीत, पंख्याखाली. पावसाळ्यात डोंबिवलीत पंख्याखाली काय डोंबल वाळणार? वास मारायला लागल्या की मी उदबत्ती लावायचे. तुम्ही दोन वर्षं तो उदबत्तीतला वास घेतलात आणि अवाक्षर काढलं नाहीत.

२०२३ च्या जुलैत मी तापाने पडले आणि चादर बादलीतच राहिली. तुम्ही ती धुतलीत, झटकलीत, सरळ गॅलरीतल्या दोरीवर टाकलीत आणि पदराला हात पुसत माझ्याजवळ येऊन म्हणालात, “ताई, चादरीचे दोनशे वाढवा महिन्याला. मग लपवू नका.”

मला रडू आलं. तापामुळे असेल. इतक्या वर्षांत कुणी या गोष्टीला नुसतं काम म्हणून बघितलं नव्हतं. कुणाला ती आमच्या वळणातली खोट वाटायची, कुणाला कीव यायची. तुम्ही तिचा दर सांगितलात. मी मात्र लगेच म्हटलं, “बाकीच्या घरी बोलू नका हं.” तेव्हा तुम्ही खरोखर चिडलात. “मी काय आकाशवाणी हाय का?” त्या वाक्याबद्दल माफी मागायची राहिलीय, ती आज मागते.

राजा तेव्हा ८ वर्षांचा. ऑटिझमचं निदान तिसऱ्या वर्षी झालेलं. बोलणं मोजक्या शब्दांचं, बाकी चित्रांची कार्डं. दिवसा कोरडा राहायला साडेपाचव्या वर्षी शिकला, पण रात्र एकही कोरडी नाही. आम्ही काय काय केलं नव्हतं? संध्याकाळी पाचनंतर पाणी बंद. रात्री १२ ला आणि ३ ला अलार्म लावून झोपेतच त्याला उचलून बाथरूममध्ये उभं करायचं. तो तिथे डोळे मिटून डुलायचा आणि गादीवर परत आला की पंधरा मिनिटांत कार्यक्रम. आत्याबाईंनी तीळ-गुळाचे लाडू पाठवले, ते त्याच्या बाबांनी संपवले. डायपर त्याला सहनच व्हायचा नाही. त्याची ती चरचर ऐकली की तो ओरडत फाडून टाकायचा.

एका डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी फाइलवर ‘ऑटिझम’ वाचलं, पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, “या मुलांमध्ये असतंच हे. मोठ्या मापाचे डायपर मिळतात.” पोटाला हातसुद्धा लावला नाही. मीही मान डोलावून घरी आले. खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं होतं. ऑटिझमच्या खात्यावर टाकलं की आपलं काही चुकतंय का हे शोधायचं कारणच उरत नाही.

आणि मग ती चड्डी. मी ओट्यापाशी होते. तुम्ही मोरीच्या खिडकीपाशी उभ्या राहून राजाची चड्डी उजेडात धरली होती, तांदूळ निवडताना खडा बघावा तशी. “ताई, हे रोजचं हाय का?” मी म्हटलं, नीट धूत नाही तो, किती शिकवलं तरी. तुम्ही मान हलवलीत. “न धुतल्याचा डाग असा नसतो. हा पाझरतोय. लेकरू परसाकडं कधी जातं?”

मला सांगता येईना. म्हणजे बघा, मी त्याच्या थेरपीच्या नोंदी पानंच्या पानं ठेवत होते. किती वेळ डोळ्यांत बघितलं, किती कार्डं ओळखली, सगळं. शी कधी झाली हे कुठल्याच वहीत नव्हतं. तुमच्याकडे मात्र होतं, तोंडपाठ: “सोमवारी झाली होती. आज शनिवार. आन् जाते तवा भांडं तुंबतं, बादलीनं पाणी मीच ओतते.”

वर तुम्ही ते दुसरं सांगितलंत. राजा दुपारी कपाटाच्या कोपऱ्यात जाऊन चवड्यांवर उभा राहायचा, पाय आवळून, अंग ताठ करून. आम्हाला ठाऊक होतं की ऑटिझमची पुष्कळ मुलं चवड्यांवर चालतात, म्हणून तेही आम्ही त्याच खात्यात टाकलं होतं. तुम्ही म्हणालात, “नाचत न्हाई तो, दाबून धरतोय. अंगणवाडीत अशी किती बघितली. एकदा दुखलं की धास्ती घेतात.”

अंगणवाडीत मदतनीस म्हणून तुम्ही गावाकडे काम केलं होतं, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. दोन वर्षं घरात येत होतात. कधी विचारलंच नव्हतं.

दुसऱ्या डॉक्टरांकडे तुम्ही सोबत आलात ते बरं झालं. मी ऑटिझमपासून सुरुवात केली, तुम्ही मध्येच “आधी पोट बघा” म्हणालात. त्यांनी आधी विचारलं कुठली औषधं चालू आहेत, कारण चिडचिडीसाठी ऑटिझमच्या मुलांना देतात त्या रिस्पेरिडोननेही काहींचं अंथरूण ओलं होतं. आमच्याकडे तसलं काही नव्हतं. मग त्यांनी राजाच्या पोटावर डावीकडे खाली दाबलं आणि माझा हात धरून तिथे ठेवला. आत दोरखंड असावा तसं घट्ट लागत होतं. आतड्याचं शेवटचं टोक असं भरून फुगलं, की पुढच्या मूत्राशयाला जागा उरत नाही. ते धड भरत नाही आणि धड रिकामंही होत नाही. ताणून ताणून आतड्याची जाणीव बोथट होते आणि साचलेल्याच्या कडेने पातळ पाझरतं, तोच चड्डीवरचा डाग. त्यात ऑटिझमच्या पुष्कळ मुलांना आतले इशारे, भूक, तहान, शू आलीय, हे नीट उमगतच नाहीत. म्हणजे ऑटिझमचा हात होता, पण तो एकटा नव्हता. आणि आमचं पाचनंतरचं पाणीबंद? त्याने मळ आणखी घट्ट होत होता. आम्ही इलाज म्हणून रोज दुखणंच वाढवत होतो. तुम्ही नाही नाही म्हणत त्याला चोरून पाणी द्यायचात, ते मला माहीत होतं. रागही यायचा.

दोन दिवस त्याची शू मोजायला सांगितली होती, तेव्हा तुम्ही किती हसलात! “शिकलेली माणसं, वाटीनं शू मोजत्यात.” पण हिशेब सोपा होता: वयात १ मिळवा, ३० ने गुणा, साधारण तेवढे मिली मुलाच्या मूत्राशयात मावायला हवेत. आठ वर्षांच्या राजाचे व्हायला हवे होते २७०. दोन दिवसांतला सगळ्यात मोठा आकडा आला १२०. ते बघून तुमचंही हसू थांबलं.

मळ मऊ करणारी पॉलिइथिलीन ग्लायकॉलची पावडर सुरू झाली, डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या मापाने. पहिले तीन दिवस साठलेलं बाहेर काढायचे होते. त्यांचं वर्णन इथे करत नाही. ज्यांच्या घरी झालंय त्यांना सांगायला नको, ज्यांच्या नाही त्यांनी जेवण गोड करून घ्यावं. तुम्ही ते तिन्ही दिवस दुपारी दोनदा येऊन गेलात, एवढंच लिहिते. दोन महिन्यांनी सगळं छान झालं म्हणून मी शहाणपणा करून पावडर बंद केली आणि तीन आठवड्यांत पहिले पाढे पंचावन्न. ताणलेलं आतडं पूर्वीसारखं व्हायला कित्येक महिने लागतात, हे मला दोनदा ऐकावं लागलं. पुढे सलग ११ महिने दिली.

पायाखालच्या पाटाचं तर विसरणंच शक्य नाही. कमोडवर बसला की राजाचे पाय लोंबायचे, जोर लागायचाच नाही. तुम्ही म्हणालात, पायाखाली काहीतरी द्या, गुडघे वर आले पाहिजेत, आणि स्वयंपाकघरातला पाट उचलून निघालात. सासूबाई दारात आडव्या. “जेवायचा पाट संडासात?” शेवटी प्लॅस्टिकचं स्टूल आणलं. रोज जेवण झालं की दहा मिनिटं त्यावर पाय ठेवून बसायचं, समोर लोकलचं चित्र चिकटवलेलं. दहा मिनिटांत ती लोकल ठाण्याला पोचली की उठायचं. डोंबिवलीहून ठाणं दहा मिनिटांत कुठली गाठते, पण राजाने हरकत घेतली नाही.

सासूबाईंचा विषय निघालाच आहे तर तेही लिहून टाकते. “लाडाने बिघडवलंय, आमच्या वेळी असं नव्हतं,” हे त्या दिवसातून एकदा म्हणायच्याच. तुम्ही भांडी घासता घासता, मान वर न करता विचारलंत, “आजी, तुमचा लेक कधी कोरडा झाला हो?” स्वयंपाकघरात नळाचा आवाज तेवढा राहिला. मग हळूच उत्तर आलं: नववं संपलं तेव्हा. पंधरा वर्षांच्या संसारात ही गोष्ट मला नवऱ्याने सांगितली नव्हती! डॉक्टर म्हणाले, आईबापांपैकी एकाला हे असलं तर मुलाला होण्याची शक्यता चाळीस टक्क्यांच्या वर जाते. सात वर्षांच्या शंभर मुलांत पाच ते दहाजणांचं अंथरूण अजून ओलं होत असतं, ऑटिझम असो वा नसो. त्या दिवसापासून राजाचे बाबा रात्री चादर बदलायला उठू लागले. मी काही बोलले नव्हते, तेच उठले.

पण मला सगळ्यात जास्त आठवते ती सोलापुरी चादर. राजाला तीच लागायची, निळी, किनारीचा एक कोपरा विरलेली. झोपताना तो कोपरा अंगठ्याने घासत राहायचा. तीन वाजता ती ओली झाली की अंगाखालून काढावी तर घर डोक्यावर. मी तशाच दोन नव्या आणल्या, रंग तोच, वीण तीच. त्याने हात लावला आणि फेकून दिल्या. नव्या चादरीची खळ त्याच्या बोटांना कळत होती. तुम्ही त्या दोन्ही घेतल्यात आणि महिनाभर रोज नेमाने धुतल्यात, घरात मळलेलं काही नसलं तरी. सुगंधी पाणी नाही, त्याला वास बदललेला चालत नाही. कोपरा दगडावर घासून घासून विरवलात. एका रात्री मी अंधारात अदलाबदल केली. अंगठा कोपऱ्यावर गेला, थांबला, मग घासायला लागला.

मेणकापडाची चरचरही तुम्हीच मिटवलीत, जुन्या नऊवारीची दोनपदरी गोधडी वर टाकून. जाड नाही, पावसाळ्यातही दिवसात वाळेल अशी. गादीवर मेणकापड, गोधडी, चादर आणि त्यावर पुन्हा मेणकापड, गोधडी, चादर. रात्री वरचा थर ओढून बादलीत टाकायचा, खालचा तयार. दिवासुद्धा लावावा लागत नाही.

तुम्ही २०२४ च्या दिवाळीनंतर गावी गेलात. मी साडी दिली, पगार दिला, ओटी भरली, आणि यातलं एक अक्षर बोलले नाही. रिक्षा कोपऱ्यावरून वळली तेव्हा सुचलं.

आता राजाचं सांगते. पूर्ण कोरडा झालेला नाही, उगाच खोटं कशाला लिहू. आठवड्यात एखादी रात्र ओली जाते, कधी दोन, सर्दी-तापात जास्त. चड्डीचा अलार्म आणून बघितला, ओलं होताच वाजणारा. त्या आवाजाने तो इतका घाबरला की दुसऱ्या दिवशी झोपायलाच तयार होईना, म्हणून ठेवून दिला. गेल्या उन्हाळ्यात चुलत दिराच्या लग्नाला चार दिवस बाहेर राहायचं होतं, तेवढ्यापुरत्या डॉक्टरांनी डेस्मोप्रेसिनच्या गोळ्या दिल्या. त्याने रात्री शू कमी तयार होते, पण गोळीच्या तासभर आधीपासून पुढचे आठ तास पाणी जवळपास बंद ठेवावं लागतं, नाहीतर रक्तातलं सोडियम उतरतं. चार रात्री मी पाण्याच्या बाटलीवर नजर ठेवून जागी होते, पण राजा सगळ्या भावंडांबरोबर एका सतरंजीवर झोपला. तो मध्ये, दोन्हीकडे पोरं.

आणि हल्ली रात्री आम्हाला उठावं लागतंच असं नाही. मागच्या मंगळवारी सकाळी बघते तर वरचा थर बादलीत, राजा खालच्या कोरड्या चादरीवर गाढ. मला उठल्यावर म्हणाला, “ओलं. बादली.” दोन शब्द, सलग.

आता एक काम आहे. त्या वरच्या गोधडीचा एका कडेचा धावदोरा उसवलाय. मी साधा शिलाईचा दोरा घालून बघितला, त्याला बोटांना लगेच कळलं, उपसून टाकला. तुम्ही कुठला दोरा वापरला होतात? नातीला फोनवर सांगायला लावा. आणि जमलं तर तुमच्याच हातचं एक रीळ गुंडाळून पाठवा, पैसे कळवा.

तुमची,
डोंबिवलीची ताई