पाच गुंठे आणि वीस फुटांचा उतार

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मे महिन्यात सोलापूरचा पारा 43 अंशांपुढे सरकला की साताऱ्याच्या डोंगरातल्या जावळी, महाबळेश्वर, पाटणकडच्या प्लॉटच्या जाहिराती वाढतात. माणसे सकाळी निघून दुपारी जागा पाहतात आणि परतताना इसार देऊन येतात. आपल्याकडे बांधावर उभे राहिले की सगळे रान नजरेत येते, डोंगरात तसे येत नाही. म्हणून हे पत्र.

सातबाऱ्यावरचे क्षेत्र उतार धरून नव्हे, आडव्या सपाटीत मोजलेले असते. पाच गुंठे म्हणजे 5,445 चौरस फूट. प्लॉट 55 फूट रुंद आणि 99 फूट खोल धरा. उतार 1:5, म्हणजे पाच फुटांना एक फूट, असेल तर वरच्या आणि खालच्या हद्दीत जवळपास वीस फुटांचा फरक पडतो, म्हणजे दोन मजल्यांएवढा. याहून तीव्र उतारावर राज्याच्या नियमावलीप्रमाणे बांधकामाला परवानगी नाही. दाखवला जातो तो जेसीबीने नुकताच कापलेला रस्त्यालगतचा तुकडा, आणि कापलेली माती खालच्या अंगाला लोटलेली असते. घराचा मागचा पाया मूळ मुरमावर आणि पुढचा या भरावावर आला की एक-दोन पावसाळ्यांत पुढची बाजू खचते आणि भिंतींना तिरके तडे जातात. कापाला नुसती काँक्रीटची भिंत घालूनही भागत नाही. भिंतीमागे दगडगोट्यांचा थर आणि दर चार-पाच फुटांवर पाणी निघायला तीन इंची पाइप नसेल तर आत साठलेले पाणीच भिंत ढकलून देते.

प्लॉटच्या वर काय आहे, हेही चढून पाहा. माळीण (30 जुलै 2014), तळीये (22 जुलै 2021) आणि इर्शाळवाडी (19 जुलै 2023) या तिन्ही दरडींच्या दुर्घटना जुलैतल्या. वरच्या उतारावर जमिनीला भेगा, कललेली झाडे किंवा नव्याने फुटलेला गढूळ झरा दिसला तर भाव कितीही उतरला तरी ती जागा सोडा.

कागदांबद्दल. शेतकरी नसलेल्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही, हे कुळकायद्याचे कलम 63 पुष्कळांना खरेदीच्या टेबलावर कळते. दुसरी अडचण तुकडेबंदीची. 2023 च्या अधिसूचनेनुसार प्रमाणभूत क्षेत्र, म्हणजे ज्याहून लहान तुकडा विकता येत नाही ते, जिरायतीला 20 गुंठे, बागायतीला 10 गुंठे आहे. मग पाच गुंठे विकायचे कसे? 'सामायिक हिस्सा' म्हणून. म्हणजे सातबाऱ्यावर वीस नावे, कुंपण आपले आणि हद्द कोणाचीच नाही. पुढे वाटणी मागितली की तोच कायदा आडवा येतो. तुकडेबंदीत अलीकडे सवलती आल्या आहेत, पण त्या आपल्या गटाला लागू आहेत का, हे दलालाकडून नव्हे, तहसील कार्यालयातून लेखी घ्या. फार्महाऊसच्या नावाखाली प्लॉट विकत असतील तर लक्षात ठेवा, शेतघरासाठी किमान 0.4 हेक्टर, म्हणजे साधारण चाळीस गुंठे लागतात.

सातबारा वाचताना क्षेत्राआधी 'इतर हक्क' वाचा. खाजगी वन, देवस्थान इनाम, कूळ, पुनर्वसन, भोगवटादार वर्ग 2 (परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन) यांपैकी एकही शेरा असेल तर व्यवहार थांबवून वकिलाला दाखवा. खाजगी वने सरकारजमा करणारा कायदा 30 ऑगस्ट 1975 ला अमलात आला, त्यामुळे त्या वर्षाच्या आधीपासूनचे फेरफार, म्हणजे हक्क बदलल्याच्या नोंदी, काढावे लागतात, शेवटचे दोन पाहून उपयोग नाही. पुनर्वसनाचा शेरा काय असतो हे उजनीच्या परिसरातल्या लोकांना वेगळे सांगायला नको. डोंगरातल्या गावांतली पुष्कळ घरे पोटापाण्यासाठी मुंबईत असतात. आजोबांच्या नावावर जमीन, वारस नोंद अपुरी, लेकींची नावेच लागलेली नाहीत, असे सर्रास दिसते. सह्या सगळ्या वारसांच्या हव्यात.

गावठाणातले जुने घर घेणार असाल तर ग्रामपंचायतीचा नमुना 8 ही कर आकारणीची नोंद आहे, मालकीचा पुरावा नाही. मालमत्ता पत्रक, म्हणजे गावठाणातल्या जागेचा हक्काचा उतारा, झाले आहे का ते विचारा. बांधकामाला ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखलाही पुरत नाही. महाबळेश्वर-पाचगणी परिसर 17 जानेवारी 2001 पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे, आणि नवे महाबळेश्वर या नियोजित गिरिस्थान प्रकल्पातल्या गावांचे नियोजन रस्ते विकास महामंडळाकडे आहे.

इसारापूर्वी भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून 'क' प्रत, म्हणजे हद्दींचा मोजणी नकाशा, घ्या आणि दगड स्वतः पाहा. रस्ता खरेदीखतात हवा, ज्याच्या जमिनीतून जातो त्याचा गट नंबर, रुंदी आणि संमती यांसह. 'वहिवाट आहे' हे तोंडी वाक्य कुंपण पडेपर्यंतच टिकते. तहसीलदार बांधावरून वाट देतात ती शेतीसाठी, बंगल्याच्या गाडीसाठी नव्हे.

पाण्याचे गणित तर आपल्याला उलटे वाटेल. सोलापूर जिल्ह्याची सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, महाबळेश्वरची त्याच्या दहापट. तरी जांभ्यातून पाणी झिरपून जाते आणि मार्च-एप्रिलला झरे आटतात. हजार चौरस फुटांच्या छपरावर तिथे वर्षाला पाच लाख लिटर पाणी पडते. चार माणसांना दर माणशी 100 लिटर धरले तर टंचाईच्या चार महिन्यांना 48,000 लिटर लागतात. पाच मीटर लांब, चार मीटर रुंद, अडीच मीटर खोल टाकी पुरते. ही टाकी न बांधता बोअर मारला तर खालच्या वाडीचा झरा आटण्याचा धोका असतो. शोषखड्डाही झऱ्याच्या वरच्या अंगाला नको, जांभ्यातून घाण सरळ पिण्याच्या पाण्यात उतरते. आपण तिथे सुट्टीला जाणार, ते लोक बारा महिने तेच पाणी पिणार. छप्पर उतरतेच हवे, पाखे भिंतीबाहेर तीन फूट. सोलापूरसारखी सपाट गच्ची तिथे गळते.

जागा दोनदा पाहा. एकदा भर जुलैत, एकदा एप्रिलअखेर.

एक विनंती आपल्या दैनिकाला. 500 चौरस मीटरपेक्षा मोठ्या जमिनीवर प्लॉट पाडून विकायचे तर महारेरा या राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाकडे नोंदणी लागते आणि तो क्रमांक जाहिरातीत छापावा लागतो. डोंगरातल्या प्लॉटची जाहिरात घेताना हा क्रमांक, गट नंबर आणि बिनशेती आदेशाचा क्रमांक मागावा. तिन्ही नसतील तर ती जाहिरात छापू नये.

एक वाचक,
होटगी रस्ता, सोलापूर