तळ्यात पडणाऱ्या ढेपेचे काय?

प्रति,
मा. संपादक,

महोदय,

पावसाळा लागला की पूर्व विदर्भातील मामा (माजी मालगुजारी) तलावांत, बोड्यांत म्हणजे लहान तळ्यांत आणि अलीकडे शेततळ्यांतही किती बोटुकली (बोटाएवढी मत्स्यपिल्ले) सोडली याच्या बातम्या येऊ लागतात. १० जुलैच्या राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिनानिमित्त कार्यक्रमही होतात. १९५७ साली याच दिवशी ओडिशातील अंगुल येथे डॉ. हिरालाल चौधुरी आणि डॉ. के. एच. अलीकुन्ही यांनी पीयूषिका (पिट्युटरी) ग्रंथीच्या अर्काचे इंजेक्शन देऊन कार्प (रोहू, कतला यांच्या गटातील) माशांचे प्रजनन घडवून आणले, आणि नदीतून मत्स्यजिरे, म्हणजे माशांची नुकती जन्मलेली पिल्ले, गोळा करत बसण्याची गरज त्यानंतर हळूहळू कमी झाली. बीजाचा प्रश्न आपल्याकडे असा मार्गी लागला. माशाच्या खाद्यावरील तितकेच मूलभूत संशोधन अमेरिकेत त्याच वर्षी प्रसिद्ध झाले होते. त्याची दखल मात्र आपल्या सार्वजनिक चर्चेत फारशी घेतली जात नाही, आणि आपण तळ्यात खाद्य म्हणून टाकतो त्या सरकीच्या ढेपेशी (तेल काढल्यावर उरणाऱ्या पेंडीशी) त्याचा जवळचा संबंध आहे, म्हणून हे पत्र.

डॉ. जॉन हॅल्व्हर (१९२२-२०१२) हे त्या संशोधनामागील शास्त्रज्ञ. त्या काळी तिकडील मत्स्यबीज केंद्रांत साल्मन आणि ट्राउट माशांना कत्तलखान्यातील यकृत व इतर मांस दळून घालत असत. त्यातील नेमका कोणता घटक माशाला वाढवतो, हे पुरेसे स्पष्ट नव्हते. हॅल्व्हर यांनी शुद्ध केसीन (दुधातील प्रथिन), जिलेटिन, तेल, क्षार आणि मोजून घातलेली जीवनसत्त्वे यांपासून एक प्रयोगखाद्य तयार केले, आणि मग त्यातून एका वेळी एकच घटक काढून घेऊन माशांकडे लक्ष ठेवले. वाढ थांबली, भूक मंदावली किंवा मासे दगावू लागले, की तो घटक परत घालायचा आणि ते सावरतात का ते पाहायचे. याच रीतीने चिनूक जातीच्या साल्मनला पाण्यात विरघळणारी कोणती जीवनसत्त्वे लागतात आणि कोणती दहा अमिनो आम्ले (प्रथिनांचे घटक) खाद्यातूनच मिळावी लागतात, हे सिद्ध झाले. पुढे क जीवनसत्त्वाअभावी माशाचा कणा वाकडा होतो, हेही त्यांच्या प्रयोगांतून दिसले. हे जीवनसत्त्व उष्णतेने नष्ट होत असल्याने गोळी खाद्यात त्याचा टिकाऊ प्रकार घालावा लागतो, हे ज्ञान आज मत्स्यखाद्याच्या कारखान्यांत रोजच्या व्यवहाराचा भाग झाले आहे.

साल्मन मांसभक्षक आहे आणि आपले रोहू, कतला, मृगळ तसे नाहीत. त्यामुळे हॅल्व्हर यांचे आकडे उचलून इथे लावता येणार नाहीत, हे मान्यच आहे. कार्प माशांना तर जठरच नसते. भाताच्या कोंड्यातील बराचसा फॉस्फरस ज्या स्वरूपात असतो तो त्यांना पचत नाही. तो विष्ठेवाटे पाण्यात जातो आणि शेवाळ वाढवतो. घ्यायची आहे ती त्यांची पद्धत, म्हणजे कोणताही घटक तळ्यात टाकण्याआधी त्या माशावर त्याचा काय परिणाम होतो ते तपासण्याची शिस्त.

विदर्भाच्या दृष्टीने या इतिहासातील सर्वांत महत्त्वाचा भाग त्यानंतरचा आहे. १९६० च्या सुमारास अमेरिकेतील केंद्रांत ट्राउट माशांना मोठ्या प्रमाणावर यकृताचा कर्करोग झाल्याचे आढळले. ओल्या मांसाऐवजी कोरडे गोळी खाद्य देणे नुकतेच सुरू झाले होते, आणि शोध घेता घेता धागा त्या खाद्यातील सरकीच्या पेंडीपर्यंत पोहोचला. पेंडीवर वाढलेल्या बुरशीने तयार केलेले अफ्लाटॉक्सिन हे विष त्याला कारणीभूत होते, आणि ट्राउटला ते अब्जात काही भाग इतक्या अल्प प्रमाणातही घातक ठरत होते. या शोधात हॅल्व्हर यांचाही वाटा होता. कार्प मासे या विषाला ट्राउटइतके संवेदनशील नाहीत, पण म्हणून बुरशी आलेली ढेप त्यांना निर्धास्तपणे घालावी असे म्हणता येत नाही.

सरकीची ढेप आणि गोंदिया-भंडाऱ्याच्या राइस मिलमधील कोंडा हे आपल्या हाताशी असलेले स्वस्त खाद्य आहे, आणि मत्स्यपालनाच्या खर्चात खाद्याचा वाटा सर्वांत मोठा असल्याने मासेमारी करणाऱ्या ढीवर बांधवांच्या सहकारी संस्था किंवा शेततळेधारक ते वापरतात, यात त्यांचा काही दोष नाही. अडचण साठवणुकीची आहे. ऑगस्टच्या दमट हवेत गोदामात पडून राहिलेल्या ढेपेला बुरशी धरते. कोंडा तर गिरणीतून निघाल्यापासूनच त्यातील विकरामुळे खवट होऊ लागतो. शिवाय सरकीत गॉसिपॉल हे नैसर्गिक विषारी द्रव्य असते. ते लायसिन या अमिनो आम्लाला बांधून ठेवते, आणि सरकीत लायसिन आधीच कमी. रवंथ करणारी गाय गॉसिपॉल बऱ्याच अंशी पचवू शकते, पण गोठ्यात चालले म्हणून ते तळ्यातही चालेल असे नाही. (तीच बुरशीची ढेप गाईने खाल्ली तर विषाचा अंश दुधात उतरतो आणि त्यासाठी देशात कायद्याने मर्यादा ठरवलेली आहे, हे येथे जाता जाता नमूद करतो.)

जुन्या मामा तलावात माशाला प्लवंग (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव), किडे, तळाचा गाळ असे बरेच काही मिळते, त्यामुळे खाद्यातील उणीव झाकली जाते. प्लॅस्टिक अंथरलेल्या शेततळ्यात किंवा जलाशयातील पिंजऱ्यात ही सोय फार कमी असते. तेथे बाहेरून पडेल तेवढेच माशाच्या वाट्याला येते, आणि शासनाचे प्रोत्साहन तर याच पद्धतींना आहे. म्हणूनच खाद्याकडे दुर्लक्ष करणे आता अधिक महागात पडेल, असे मला वाटते.

उपाय अशक्य कोटीतील नाहीत. लोहक्षार मिसळून मुक्त गॉसिपॉल बांधता येते, आंबवण्यानेही ते घटते. अमेरिकेत डॉ. कीर्ती राठोड यांनी तर २००६ साली बियांतच अत्यल्प गॉसिपॉल असणारा कापूस विकसित केल्याचे जाहीर केले. २०१९ मध्ये तेथील अन्न व औषध प्रशासनाने ती सरकी अन्न म्हणून वापरण्यास हिरवा कंदील दाखवला. अशा वाणाबद्दल आपल्याकडे जो वाद व्हायचा तो होईल, पण साध्या प्रक्रियेसाठी त्याची वाट पाहण्याचे कारण नाही.

केंद्रीय कापूस संशोधन संस्था नागपुरात आहे. महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय आणि त्याचे मत्स्यविज्ञान महाविद्यालयही याच शहरात आहे. सरकी जाणणारे आणि मासा जाणणारे शास्त्रज्ञ एका शहरात असणे ही विदर्भाची जमेची बाजू आहे. या दोन्ही संस्थांनी मिळून मत्स्यपालक आणि सहकारी संस्थांसाठी परवडणाऱ्या दरात ढेप व कोंड्याची अफ्लाटॉक्सिन आणि गॉसिपॉल तपासणी उपलब्ध करून द्यावी, तिचे निष्कर्ष दरवर्षी पावसाळ्यापूर्वी मराठीत जाहीर करावेत, आणि मत्स्यबीजावर अनुदान देणाऱ्या मत्स्यव्यवसाय विभागाने आपल्या योजनांत या तपासणीचा खर्चही धरावा, अशी माझी विनंती आहे. ती आपल्या दैनिकामार्फत संबंधितांपर्यंत पोहोचावी.

आपला,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक
धंतोली, नागपूर