'दादा, पुढचा दाणा तुम्ही कापा'

आदरणीय डॉक्टर मॅडम,
सप्रेम नमस्कार.

समोर आभार मानायला गेलं की तुम्ही विषय बदलता, म्हणून हे जाहीर पत्र. लायसिन म्हणजे प्रोटीनचा एक घटक (अमिनो आम्ल), गाईच्या खुराकात दाण्यांच्या रूपात घालतात. या लेप दिलेल्या लायसिनबद्दल आमच्या भागातल्या दूध उत्पादकांना जे कुणीच सांगितलं नव्हतं, ते तुम्ही गोठ्यात उभं राहून दाखवलंत.

आधी आलेल्यांनी चकचकीत पत्रकं वाटली. 'कोठीपोटात (गाईच्या पहिल्या मोठ्या पोटात) सुरक्षित' एवढं एकच त्यांना पाठ होतं. साधं लायसिन कोठीपोटातले जिवाणू तोडतात आणि त्याचा अमोनिया होतो, म्हणून लेप हवा, इथपर्यंत ठीक. पण मग हा लेप सुटतो कुठे, असं विचारलं की उत्तर नाही. दुधातलं प्रोटीन हललं नाही की दोष गाईच्या जातीचा, उन्हाचा, आमच्या चाऱ्याचा. त्या लोकांवरचा राग अजून गेलेला नाही, हे इथे लिहायलाच हवं.

तुम्ही आलात, बाह्या सारल्यात, ताजं शेण बारीक चाळणीत घेतलंत आणि नळाखाली हाताने धुतलंत. वर राहिलेला लायसिनचा एक दाणा ब्लेडने कापलात. आत गाभा तसाच भरलेला, कडक. मग ते ब्लेड खुराक कालवणाऱ्या गड्याच्या हातात दिलंत आणि म्हणालात, "दादा, पुढचा दाणा तुम्ही कापा." गोठ्यावर आलेला कोणताही साहेब त्याच्याशी बोलत नाही. लायसिन रोज ज्याच्या हातून गाईपुढे जातं, त्यालाच तुम्ही आधी सांगितलंत. हे आम्ही विसरणार नाही.

त्या भरलेल्या गाभ्याचा अर्थही तुम्हीच उलगडलात. दाणा कोठीपोटातून वाचला, पण लहान आतड्यातही उघडला नाही आणि शेणात गेला. पूर्ण संपृक्त, उशिरा वितळणाऱ्या चरबीचा लेप जाड झाला, तर पित्त आणि लायपेज (चरबी पचवणारं पाचकद्रव्य) त्याला पुरे पडत नाहीत. याउलट इथाइल सेल्युलोजचं साल पचतच नाही. ते शेणात रिकामं, चपटं दिसलं तर घाबरायचं कारण नाही, आतला माल सुटलेला असतो. तिसरा प्रकार सामू (पीएच, आंबटपणाचा आकडा; जितका कमी तितकं आंबट) ओळखणाऱ्या पॉलिमरचा: कोठीपोटातल्या साधारण ६ सामूला तो टिकतो आणि चौथ्या पोटात २ ते ३ सामूला सुटतो. म्हणूनच हा माल ४ सामूच्या मुरघासात रात्रीच कालवून ठेवायचा नाही, गव्हाणीत टाकायच्या वेळीच मिसळायचा. आंबट मुरघासात लेप आदल्या रात्रीच ढिला होतो.

पाण्याची चाचणीही तुम्ही तेवढ्याच प्रामाणिकपणे सांगितलीत. मोजून घेतलेले दाणे ३९ अंशाच्या पाण्यात काही तास ठेवायचे, अधूनमधून हलवायचे, गाळून वाळवायचे, पुन्हा वजन करायचं. वजन बरंच घटलं तर माल नापास. घटलं नाही तरी लगेच पास म्हणायचं नाही, कारण पाण्यात जिवाणू नाहीत आणि गाईची रवंथही नाही. लायसिन हायड्रोक्लोराइड पाण्यात भराभर विरघळतं, त्यामुळे मेथिओनिन या दुसऱ्या अमिनो आम्लापेक्षा त्याला लेप देणं अवघड, हेही तेव्हाच कळलं.

पाकिटावरच्या आकड्याचा हिशेब तर प्रत्येकाने लिहून ठेवावा. १०० ग्रॅम मालात ५० ग्रॅम लायसिन हायड्रोक्लोराइड असेल, तर शुद्ध लायसिन सुमारे ४० ग्रॅम. त्यातलं ८० टक्के कोठीपोटातून वाचलं तर ३२, आणि त्यातलं ८० टक्के आतड्यात सुटून शोषलं गेलं तर साडेपंचवीस. गाईला मिळणार ते एवढंच. किलोच्या दराची तुलना करायची ती या साडेपंचवीस ग्रॅमवर.

गोळी पेंडेच्या मशिनमध्ये हे दाणे घालू नका, तिथल्या ७०-८० अंशांच्या वाफेत चरबी वितळते. मिक्सरमध्ये शेवटी टाका, नाहीतर पाती लेप खरवडतात. पत्र्याखाली उन्हात पोती नकोत. हे सगळं तुम्ही गड्यालाच सांगितलंत, आणि तो आता मालकालाही टोकतो.

मात्रा विचारल्यावर तुम्ही लगेच आकडा फेकला नाहीत. मका जास्त असेल तर लायसिन कमी पडतं, सोयापेंड जास्त असेल तर मेथिओनिन, म्हणून आधी खुराक लिहून द्या, म्हणालात. २००१ च्या अमेरिकन एनआरसीतलं (नॅशनल रिसर्च कौन्सिलच्या दुभत्या गाईंच्या आहार-शिफारशींतलं) चयापचयी प्रोटीनमधलं, म्हणजे आतड्यात शोषल्या जाणाऱ्या प्रोटीनमधलं, लायसिन ७.२ आणि मेथिओनिन २.४ टक्क्यांचं, म्हणजे ३ ला १ हे प्रमाण सांगून, त्यासोबत ऊर्जा पुरेशी नसेल तर दोन्ही वाया जातील हेही बजावलंत. "हे तपासून सांगते" म्हणणारी आणि खरोखर तपासून सांगणारी माणसं आहेत, म्हणून शेतकरी अजून कुणाचं तरी ऐकतो. अशी माणसं प्रत्येक तालुक्याला मिळोत.

मेथिओनिनच्या पाकिटालाही आता चाळणी आणि ब्लेड लावूनच पैसे द्यायचं ठरलं आहे. निकाल कळवतो. खुराकाचा कागद सोबत जोडला आहे. त्यात सरकी पेंडेचं प्रमाण या हंगामात बदललं आहे, तेवढं पाहावं.

आपले कृतज्ञ,
गावातले दूध उत्पादक