पहिल्या तीन सेशनबद्दल

प्रिय सुनेत्रा,

पुढच्या महिन्यात तू अमेरिकेत अटलांटाच्या नैऋत्य भागातल्या मानसोपचार क्लिनिकमध्ये थेरपिस्ट म्हणून रुजू होतेस, आणि तुझे बहुतेक क्लायंट कृष्णवर्णीय असतील. आधी काय वाचू, असं तू विचारलंस. वाचन होत राहील गं. पहिल्या तीन सेशनमध्ये काय करायचं आणि कुठे चुकतं ते आधी लिहिते, कारण माणूस परत येणार की नाही हे तिथेच ठरतं.

समोरचा माणूस हातचं राखून बोलेल, फॉर्ममधले निम्मे रकाने कोरे ठेवेल, ‘हे कोण वाचणार?’ असं विचारेल. याला लक्षण समजू नकोस. अलाबामातल्या टस्कीगी परिसरात १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षं सरकारी आरोग्य खात्याने सुमारे ६०० कृष्णवर्णीय पुरुषांवर सिफिलिसचा अभ्यास केला. त्यातल्या ३९९ जणांना तो आजार होता. त्यांना खरं निदान सांगितलं नाही, आणि पुढे पेनिसिलिन सर्रास मिळू लागलं तरी दिलं नाही. अटलांटाहून ते गाव गाडीने साधारण दोन तासांवर आहे. तुझ्याकडे येणाऱ्या आजीबाईंच्या हयातीतली गोष्ट आहे ही. मानसोपचाराचा स्वतःचा इतिहासही काळाच आहे. १८५१ मध्ये सॅम्युएल कार्टराइट नावाच्या डॉक्टरने गुलामाचं पळून जाणं हाच मानसिक आजार ठरवला आणि त्याला भारदस्त नावही दिलं.

म्हणून पहिल्या सेशनची पहिली दहा मिनिटं गोपनीयतेला दे. कागद पुढे सरकवून सही घेऊ नकोस, तोंडाने सांग: नोट्स कोण पाहतं, विमा कंपनीला काय जातं, कोर्टाचा आदेश आला तर काय होतं. मुलांच्या बाबतीत तर फोड करून सांग. मुलाला मारहाण किंवा हेळसांड होत असल्याचा संशय आला तर कळवणं तुझ्यावर कायद्याने बंधनकारक आहे. पण ‘पोरांनी जीव नकोसा केलाय’ एवढ्या बोलण्यावर कुणी तक्रार करत नाही, हेही त्यांच्या कानावर पडायला हवं. मुलं सरकारी देखरेखीत जातील, ही भीती या वस्त्यांत खरी आहे, आणि तिच्यापायी आया नैराश्य लपवतात.

नावाकडे लक्ष दे. अमेरिकेच्या दक्षिणेत वंशभेदाच्या काळात कृष्णवर्णीय माणसाला, मग तो साठीचा का असेना, गोरे लोक मुद्दाम नुसत्या पहिल्या नावाने हाक मारत. तेव्हा वडीलधाऱ्यांना मिस्टर किंवा मिस लावून आडनावाने हाक मार. ‘नुसतं नाव घे’ असं ते स्वतः म्हणेपर्यंत तेच चालू ठेव.

वंशाचा विषय तूच काढायचास, दुसऱ्या सेशनपर्यंत. साधं वाक्य पुरतं: ‘मी भारतातून आले आहे, तुम्ही इथे जे अनुभवता ते मी अनुभवलेलं नाही, माझ्याशी त्याबद्दल बोलणं तुम्हाला कसं वाटेल?’ मग थांब. इथे दोन गोष्टी बिघडतात. एक, ‘मीही सावळीच’ म्हणून उगाच जवळीक साधणं. दुसरी, त्यांनाच शिकवणीला बसवणं. इतिहास तू घरून वाचून जा. आपल्याकडचा धागा खरा आहे: बाबासाहेबांनी १९४६ मध्ये कृष्णवर्णीय अमेरिकी विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं होतं, आणि १९७२ मध्ये मुंबईत उभ्या राहिलेल्या दलित पँथरने नावासकट प्रेरणा अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या ब्लॅक पँथर संघटनेकडून घेतली. पण तो सेशनमध्ये मांडायचा नाही. तुला-मला जातीने काय काय आयतं दिलं, याचा विचार आपल्या आपण करायला त्याचा उपयोग आहे.

आता निदान, कारण सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. अमेरिकेत कृष्णवर्णीय रुग्णांच्या फाइलवर स्किझोफ्रेनिया गोऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त वेळा लिहिला जातो, आणि त्यातल्या अनेकांचं नैराश्य किंवा बायपोलर आजार नजरेतून सुटलेला असतो. डॉक्टर संशयी बोलण्याला जास्त वजन देतात आणि मूडबद्दल कमी विचारतात. समज, एक तरुण म्हणाला, ‘पोलिसांची गाडी माझ्या मागे असते.’ लगेच ‘भ्रम’ लिहू नकोस. कुठल्या रस्त्यावर, किती वाजता, बरोबर कोण होतं, गाडीने अडवलं का, ते विचार. मग विचार, ‘ती गाडी दुसऱ्याच कामाने तिथे असेल, असं कधी वाटतं का?’ ज्याची सावधगिरी अनुभवातून आलेली असते तो बहुधा म्हणतो, ‘हो, असेलही.’ त्यानंतर झोप, मूडचे चढउतार, नशा, पूर्वीचे आघात यांची तारीखवार रेघ आखून घे. ती आखल्याशिवाय मोठं निदान फाइलवर चढू देऊ नकोस. एकदा चढलं की वर्षानुवर्षं उतरत नाही.

नैराश्य मोजायची पीएचक्यू-९ ही प्रश्नावली वापरशीलच. नऊ प्रश्न, २७ पैकी गुण, १० किंवा जास्त आले की पुढची तपासणी. पण त्यात चिडचिड, डोकेदुखी, पाठदुखी विचारलेली नाही, आणि इथे नैराश्य पुष्कळदा त्याच वाटेने बाहेर येतं. विशेषतः बायकांचं. सगळ्यांचा भार वाहायचा आणि हूं की चूं करायचं नाही, अशीच त्यांची घडण झालेली असते. ६ गुण आले म्हणून निर्धास्त राहू नकोस. डीएसएम-५ या मानसिक आजारांच्या निदानाच्या अमेरिकी ग्रंथात संस्कृतीविषयी १६ प्रश्नांची मुलाखत दिली आहे. ती पूर्ण घ्यायला वेळ नसेल तर एवढं तरी विचार: ‘घरच्यांना हा त्रास तुम्ही कोणत्या शब्दांत सांगाल?’ आणि ते शब्द जसेच्या तसे नोंदव.

चर्चला जाणाऱ्याला प्रार्थना आणि थेरपी यांतलं एक निवडायला लावू नकोस. पास्टरशी बोलायची लेखी परवानगी मागता येते; नाही म्हणाले तर विषय सोडून दे. पुरुष केशकर्तनालयात मोकळे होतात. कन्फेस प्रोजेक्ट नावाची संस्था न्हाव्यांना ऐकून घ्यायचं आणि योग्य ठिकाणी पाठवायचं प्रशिक्षण देते. आणि सगळ्यांना एका मापाने मोजू नकोस: अटलांटाजवळच्या क्लार्कस्टनमधलं सोमाली कुटुंब, जमैकाहून आलेली नर्स आणि पिढ्यान्‌पिढ्या जॉर्जियात राहिलेला माणूस, तिघांची दुखणी वेगळी.

आत्महत्येचा धोका असेल तेव्हा सुरक्षा योजना, म्हणजे संकटात काय करायचं याचा लेखी आराखडा, नेहमीच्या सहा पायऱ्यांनीच कर, पण एक भर घाल. ‘पोलीस दारात आले तर?’ हा प्रश्न उघडपणे विचार. ९८८ ही आत्महत्या रोखण्यासाठीची हेल्पलाइन जुलै २०२२ पासून चालू आहे आणि बहुतेक कॉल फोनवरच निभतात. तरी मदतीला धावून येईल असा नातेवाईक, शेजारी किंवा पास्टर नाव-नंबरासह कागदावर हवा. घरात बंदूक आहे का, कुलुपात कोण ठेवील, हे आडवळणाने विचारू नकोस.

औषधं तू देणार नाहीस, तरी क्लोझापिन या स्किझोफ्रेनियावरच्या औषधाबद्दल माहीत असू दे. आफ्रिकी वंशाच्या बऱ्याच लोकांच्या रक्तात न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या) पेशी मुळातच कमी असतात. तो आजार नव्हे. हे औषध सुरू करायला एरवी दर मायक्रोलिटरला १,५०० पेशी लागतात. अशा लोकांसाठी २०१५ पासून १,००० ची मर्यादा आहे, आधी किमान दोन तपासण्या करून. हे लक्षात आलं नाही की चांगलं लागू पडणारं औषध नाकारलं जातं. ‘यांचे जुने सीबीसी (रक्तपेशींच्या मोजणीचे अहवाल) पाहिले का?’ असं डॉक्टरांना तू विचारू शकतेस.

सेशन चुकलं की क्लिनिकं ‘सहकार्य नाही’ असं लिहून मोकळी होतात. दोन बस बदलून शिफ्टमधून येणाऱ्या माणसाला ते लागू करू नकोस. त्याच दिवशी स्वतः फोन कर, फोनवर सेशन घेता येतं का बघ. रुजू व्हायच्या आधी क्लिनिकचा इनटेक फॉर्म (नव्या क्लायंटकडून भरून घेतात तो) मागवून घे आणि मला पाठव. कोणते प्रश्न पहिल्या दिवशी नकोत ते आपण फोनवर ठरवू.

तुझी,
मृणाल