धूर सोडण्याआधी डास पकडा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

तापाचे रुग्ण वाढले की आमच्या लालबागच्या चाळींतून एकच मागणी होते, 'धूर मारा'. मग संध्याकाळी यंत्र येते आणि गटारांच्या कडेने धूर सोडून जाते. कार्यकर्त्यांचा फोटोही निघतो. मी आरोग्य खात्यात कीटक समाहारक, म्हणजे डास पकडून तपासणीला पाठवणारा कर्मचारी होतो. मला विचारायचे आहे, रुग्णाच्या घरातला डास कोणी पकडून पाहिला का?

गटारातला क्युलेक्स जातीचा डास रात्री चावतो, हत्तीरोग पसरवतो. डेंग्यू आणि चिकुनगुनिया पसरवणारा एडिस डास दिवसा चावतो, कपाटामागे, खाटेखाली, टांगलेल्या कपड्यांत दडून बसतो. त्याची पैदास पिंपात, फ्रिजमागच्या ट्रेमध्ये, ताडपत्रीच्या खोलगटात. गल्लीतल्या धुराने त्याचे काय बिघडणार?

पकडण्याचे काम दिसायला किरकोळ आहे. टॉर्च आणि तोंडाने ओढायची काचेची नळी घेऊन सकाळी घरात शिरायचे (घरातल्या बायका आधी हसतात, मग स्वतःच 'तिकडे बघा, पलंगाखाली' म्हणतात). पकडलेले डास जातीनुसार, नर-मादी वेगळे करून तपासणीला पाठवायचे. नरही टाकून द्यायचे नाहीत. नर रक्त पीत नाही, त्यामुळे त्याच्यात विषाणू निघाला तर तो बहुधा आईकडून अंड्यातूनच आलेला असतो.

पण डासात विषाणू सापडला म्हणजे तोच रोग पसरवतो, असेही नाही. नुकतेच रुग्णाचे रक्त प्यायलेल्या मादीच्या पोटात तो असणारच. तो आतड्याची भिंत ओलांडून लाळेत उतरला पाहिजे. डेंग्यूत याला साधारण ८ ते १२ दिवस लागतात. म्हणून डासाचे डोके आणि लाळ वेगळी तपासतात. ब्राझीलमध्ये झिकाच्या साथीत, २०१६ साली रेसिफे शहरात पकडलेल्या क्युलेक्समध्ये विषाणू सापडला आणि मोठा वाद झाला. इतर अनेक प्रयोगशाळांनी क्युलेक्सला मुद्दाम विषाणू पाजून पाहिला, तेव्हा त्याच्या लाळेत तो उतरला नाही. मुख्य वाहक म्हणून एडिस इजिप्ती या एडिसच्या प्रकारावरच बोट राहिले.

उलटेही घडते. २००५-०६ मध्ये हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर चिकुनगुनियाच्या विषाणूत एक छोटा बदल झाला आणि एरवी दुय्यम मानला जाणारा एडिसचाच दुसरा प्रकार, एडिस अल्बोपिक्टस, त्याचा प्रमुख वाहक ठरला. त्यामुळे मागच्या साथीचे उत्तर या साथीला आंधळेपणाने लावता येत नाही.

आपण विभागवार रुग्णांचे आकडे छापता. त्याच चौकटीत त्या विभागात कोणत्या जातीचे डास सापडले, घरात की बाहेर, आणि अळ्या कशात होत्या, हेही छापावे. आपल्या वार्ताहराने ही माहिती एकदा मागून तरी पाहावी.

– एक निवृत्त कीटक समाहारक, लालबाग, मुंबई