पहिल्या दहा मिनिटांसाठी पथक हवे

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

अग्निशमन सेवा सप्ताहानिमित्त आपल्या अंकात आलेला मजकूर वाचला. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजाला आग लागली. जहाजात कापसाच्या गाठी होत्या आणि दारूगोळाही होता. स्फोट झाले तेव्हा अग्निशमन दलाचे ६६ जण कर्तव्यावर असताना गेले. त्यांची आठवण दरवर्षी व्हायलाच हवी. पण दलाची गाडी दारात पोचेपर्यंत इमारतीतल्या माणसांनी काय करायचे, हा प्रश्न या सप्ताहात कोणी विचारताना दिसत नाही. मला त्याबद्दलच लिहायचे आहे.

मी घोडबंदर रस्त्यावर राहते. संध्याकाळी कापूरबावडी ते कासारवडवली हा रस्ता कसा असतो, हे ठाणेकरांना सांगायला नको. मेट्रोचे काम, सेवा रस्त्यावर दुतर्फा उभ्या गाड्या, त्यात कंटेनर. बाळकुमच्या अग्निशमन केंद्रातून निघालेला बंब कितीही तत्पर असला तरी तो याच रस्त्याने येणार. आणि आग पसरायची ती पहिल्या दहा मिनिटांतच पसरते.

मागच्या हिवाळ्यात आमच्या शेजारच्या इमारतीत तळमजल्यावरच्या मीटर रूमने पेट घेतला. जिन्यात धूर भरला. एकाने होज बॉक्सची, म्हणजे आगीच्या पाइपाच्या पेटीची, काच फोडली, तर आत पाइप होता पण पुढचे पितळी नोझल नव्हते, ते कधीच चोरीला गेले होते. दुसरा पाण्याची बादली घेऊन धावला. वीज मंडळातून निवृत्त झालेले एक काका नेमके खाली होते. त्यांनी त्याला दंडाला धरून थांबवले, आधी वीजपुरवठा तोडायला लावला आणि मग पावडरच्या सिलिंडरने आग विझवली. वरच्या मजल्यावरची माणसे तोवर गच्चीकडे धावली होती आणि गच्चीला कुलूप होते. कोणाला इजा झाली नाही. पण ते काका त्या दिवशी गावाला गेले असते तर काय झाले असते, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

आता दुर्लाख या जर्मन गावाची हकीकत सांगते. माझी मुलगी नोकरीनिमित्त जर्मनीत कार्ल्सरुहे येथे असते, त्यामुळे ही हकीकत मला कळली. दुर्लाख हे एके काळी तिथल्या राजघराण्याचे ठाणे होते. १७१५ मध्ये शेजारी कार्ल्सरुहे हे नवे शहर वसवले गेले, दरबार तिकडे गेला आणि दुर्लाख एक लहान गाव होऊन राहिले. त्या काळी आग लागली की घंटा वाजायची, गावातला प्रत्येक माणूस बादली घेऊन धावायचा आणि विहिरीपासून आगीपर्यंत रांग लागायची. मदत करण्याची सक्ती सगळ्यांवर होती, शिक्षण मात्र कोणालाच नव्हते. त्यामुळे गर्दी, आरडाओरडा, एकमेकांच्या पायात पाय. आपल्या मीटर रूमसमोर जे झाले त्याहून हे फार वेगळे नाही.

गावाचे बांधकाम पाहणारे अधिकारी ख्रिस्तियान हेंगस्ट यांनी १८४६ मध्ये यावर उपाय काढला. स्वतःहून पुढे आलेल्या नागरिकांचे एक पथक त्यांनी उभे केले. हायडलबर्गच्या कार्ल मेट्झ यांच्या कारखान्यातला हातपंप आणला आणि नियमित कवायत सुरू केली. पंप कोणी मारायचा, पाइप कोणी धरायचा, शिडीवर कोणी चढायचे, हे आग लागण्याआधीच ठरलेले. सगळ्या गोष्टीचे मर्म मला इथे दिसते. पंप पैसे टाकून कोणीही आणला असता.

कसोटी लवकरच लागली. २८ फेब्रुवारी १८४७ रोजी कार्ल्सरुहेच्या दरबारी नाट्यगृहात गॅसच्या दिव्यामुळे आग लागली. काही दरवाजे कुलूपबंद होते. साठांहून अधिक प्रेक्षक मेले. राजधानीच्या शहरात गोंधळ माजलेला असताना चार-पाच किलोमीटरवरून दुर्लाखचे पथक आपला पंप घेऊन आले आणि आजूबाजूच्या इमारतींकडे सरकणारी आग त्यांनी रोखली. त्यानंतर कार्ल्सरुहेने त्याच वर्षी आपले स्वयंसेवी पथक काढले आणि हे लोण गावोगाव पसरले. (सर्वांत जुने पथक म्हणून माइसेन या गावाचेही नाव घेतात, त्यांचे १८४१ चे. हा वाद त्यांचा त्यांनी मिटवावा.) आज जर्मनीत पगारी अग्निशमन दल शंभरेक मोठ्या शहरांतच आहे. बाकी सगळा देश सुमारे दहा लाख स्वयंसेवकांच्या भरवशावर आहे. त्यांत सुतार आहेत, शिक्षक आहेत, बँकेत काम करणारे आहेत. दुर्लाख आता कार्ल्सरुहे शहराचाच भाग आहे आणि शहरात पगारी दल आहे, तरीही दुर्लाखचे पथक अजून आहे.

आपल्याकडे हे जमणार नाही, असे मला कोणी सांगू नये. होमगार्डची सुरुवात १९४६ मध्ये आपल्या मुंबईतच झाली. ‘आपदा मित्र’ योजनेत सामान्य नागरिकांना बारा दिवसांचे प्रशिक्षण देतात. आणि ठाण्याला तर शिस्तीची माणसे बाहेरून आणायची गरजच नाही. त्या काळी जर्मनीतली कितीतरी पथके व्यायामशाळांतल्या तरुणांतून उभी राहिली होती. आपली गोविंदा पथके पाहा. महिना-महिना रात्री सराव चालतो, पायाला कोण, दुसऱ्या थरावर कोण, वर कोण, हे प्रत्येकाला झोपेतही माहीत असते, आणि एक माणूस हलला तर काय होते तेही माहीत असते. आग विझवणाऱ्या पथकाला याहून वेगळे काय लागते? मावळी मंडळासारख्या जुन्या क्रीडासंस्था, ढोल-ताशा पथके, सोसायट्यांमधली निवृत्त मंडळी, सगळी इथेच आहेत.

कायदाही आहे. महाराष्ट्राच्या २००६ च्या अधिनियमानुसार इमारतीतली अग्निसुरक्षा यंत्रणा चालू ठेवण्याची जबाबदारी मालकाची किंवा भोगवटादाराची आहे. दर जानेवारी आणि जुलैत परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र, म्हणजे ‘फॉर्म बी’, दलाकडे द्यावे लागते. पण पंप चालतो एवढे त्या कागदावरून कळते. पंप चालू करता येणारा माणूस इमारतीत आहे की नाही, हे कळत नाही.

नागरिकांनी पेटलेल्या घरात शिरावे असे मी मुळीच म्हणत नाही. तसे करणे घातक आहे, आणि ते काम दलाच्या जवानांचेच. पण वीज आणि गॅसचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करणे, लिफ्ट कोणी वापरू नये हे पाहणे, म्हाताऱ्यांना आणि आजाऱ्यांना जिन्याने रेफ्यूज एरियात (उंच इमारतीत आगीच्या वेळी थांबण्यासाठी राखलेल्या मोकळ्या जागेत) किंवा खाली नेणे, आग लहान असेल तर योग्य सिलिंडर वापरणे, फाटकाजवळच्या गाड्या हलवून बंबाला वाट करून देणे, हायड्रंट, म्हणजे बंबाचा पाइप जोडायचा नळ, कुठे आहे ते जवानांना दाखवणे, एवढे शिकलेली दहा-बारा माणसे प्रत्येक संकुलात असावीत. त्यांत बायका असायलाच हव्यात. दुपारी घरी आणि इमारतीत कोण असते, याचा विचार करून पथक बांधावे लागेल.

यासाठी माझी ठाणे महापालिकेला विनंती आहे. प्रत्येक अग्निशमन केंद्राने आपल्या हद्दीतल्या संकुलांसाठी वर्षातून दोनदा, फॉर्म बीच्या महिन्यांतच, प्रत्यक्ष सराव घ्यावा. शिकलेल्यांची नावे केंद्रात नोंदलेली असावीत, त्यांना ओळखपत्र मिळावे आणि त्यांचा विमा उतरवावा. विम्याशिवाय कोणाला बोलावू नये, हे मी आग्रहाने सांगते.

आमच्या संकुलातल्या इच्छुकांची यादी तयार आहे. काका शिकवायलाही तयार आहेत. सोसायटीच्या लेटरहेडवरचा अर्ज या आठवड्यात बाळकुम केंद्रात देत आहोत. आपल्या वाचकांपैकी ज्यांना आपल्या इमारतीत असे पथक काढायचे असेल, त्यांनीही आपापल्या केंद्रात अर्ज द्यावेत आणि सरावाची तारीख मागून घ्यावी.

आपली नम्र,
एक वाचक
घोडबंदर रस्ता, ठाणे (प.)