शकुंतला मार्गावरील पथ्रोट स्थानक : रुळांच्या मोजणीला येणाऱ्या सभासदांसाठी सूचना

रविवारी सकाळी 7 वाजता स्थानकावर जमायचे आहे. मूर्तिजापूर–अचलपूर या शकुंतला मार्गावर गाडी बंद असली तरी जागा रेल्वेचीच आहे. लेखी परवानगीची प्रत जवळ असल्याशिवाय रुळांत उतरू नये.

गेज, म्हणजे दोन रुळांच्या आतल्या कडांमधले अंतर, 762 मि.मी. आहे. टेप रुळांच्या आतल्या कडांना, माथ्याच्या किंचित खाली लावा. अगदी माथ्यावर लावल्यास झिजून आतल्या बाजूला पुढे आलेल्या कडेमुळे माप कमी भरते. वळणावर ते थोडे जास्त येईल, ती चूक समजून खोडू नका. तीन ठिकाणी मोजून तिन्ही आकडे लिहा.

रुळाच्या उभ्या पोटावर, म्हणजे माथा आणि पाया यांमधल्या भागावर, कारखान्याचे नाव आणि साल उठावात असते. तारेचा ब्रश मुळीच नको, गंजासोबत अक्षरेही जातात. कापडाने धूळ पुसा, खडू आडवा धरून हलकेच फिरवा. उंच अक्षरे पांढरी दिसू लागली की तिरप्या उन्हात फोटो घ्या, म्हणूनच सकाळची वेळ ठेवली आहे.

गवतात साप असतात, बूट आणि काठी हवीच. सुटा बोल्टसुद्धा उचलू नये. रेल्वे मालमत्ता (बेकायदेशीर ताबा) कायदा, 1966 नुसार तो गुन्हा आहे, आणि तो बोल्ट तिथेच राहायला हवा.